गोमुखाखाली धरलेली बादली

'शाळेने मला काय दिले' या विषयावर लिहा, असं स्मरणिका समितीचं पत्र आलं. शाळेबद्दल, इमारतीबद्दल, निकालांबद्दल बाकीचे लिहितीलच. मी लिहिणार आहे ते फक्त सरांबद्दल. सर म्हणजे कोणते, हे आपल्या शाळेत शिकलेल्याला सांगावं लागत नाही. इतर शिक्षकांना आपण आडनाव लावायचो, भूगोलाचे मात्र नुसते 'सर'. जिन्याखालची नकाशांची खोली त्यांची. तिची किल्ली जानव्याला बांधलेली असायची आणि मधल्या सुट्टीत तिथे गेलं की नकाशांच्या जुनाट कापडाचा आणि डिंकाचा वास यायचा.

भूगोलाच्या पुस्तकात 'कृष्णा नदी महाबळेश्वर येथे उगम पावते' एवढं एकच वाक्य होतं. परीक्षेत रिकाम्या जागा भरायला तेवढं पुरतं. सरांना पुरलं नाही. त्यांनी आधी आम्हाला सायकलींवरून माहुलीला नेलं. एका अंगाने कृष्णा, दुसऱ्या अंगाने वेण्णा. घाटावर बसवून म्हणाले, "या दोघी एकाच डोंगरावरून निघाल्यात. एक वाईवरून आली, एक मेढ्यावरून. आता त्यांचं घर बघायला जायचं." संगम आधी आणि उगम मागाहून, असा त्यांचा उलटा क्रम होता. माहुलीला विश्वेश्वराचं देऊळ आहे, शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे, रामशास्त्री प्रभुणे तिथलेच. पण त्यावर सर एक शब्द बोलले नाहीत. "ते इतिहासाच्या बाई सांगतील," म्हणाले आणि नदीतला गोटा उचलून त्याच्या कडा कशा झिजल्या ते दाखवत बसले.

मग पुढच्या रविवारी लाल एसटी. मेढा, केळघर, घाट. वेण्णा कधी डाव्या खिडकीत, कधी उजव्या, आणि दर वळणाला बारीक होत चाललेली. सर उभे राहूनच होते, दांड्याला धरून. शिपाईकाका मागच्या सीटवर पुरीभाजीचा डबा आणि एक पत्र्याची बादली सांभाळत होते. बादली कशाला, हे कुणालाच माहीत नव्हतं. वांती झाली तर, असा आमचा अंदाज.

क्षेत्र महाबळेश्वर म्हणजे पॉइंट आणि घोड्यांचं महाबळेश्वर नव्हे, हे सातारकरांना ठाऊक आहे. जुनं गाव. तिथली फेरी अर्ध्या-पाऊण तासाची. महाबळेश्वराचं देऊळ, अतिबळेश्वर, तिथून पंचगंगा, मग जरा आडबाजूला कृष्णाबाईचं देऊळ, आणि परत पायऱ्यांवरून बाजारात. पायात चप्पल घालून लहान मूलही करील अशी. सरांनी तिला अख्खा दिवस लावला.

पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचं पाणी एका गोमुखातून कुंडात पडतं. शिवाय भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी प्रकटते अशी श्रद्धा. देऊळ यादवांच्या सिंघण राजाने बांधलं असं सांगतात. आमच्यातल्या एका आगाऊ मुलाने विचारलं, "सर, पाच नद्या एका तोंडातून कशा येतील?" पुजारी तिथेच उभे. सरांनी आधी गुरुजींना नमस्कार केला, तीर्थ घेतलं, मग आम्हाला बाहेर अंगणात आणून पाठीमागचा डोंगर दाखवला. या माथ्यावर पडलेला पाऊस वाटून जातो, म्हणाले. सावित्री पश्चिमेला उतरून महाडवरून अरबी समुद्राला मिळते. कृष्णेला तोच समुद्र सरळ रेषेत ६४ किलोमीटरवर असताना ती पाठ फिरवते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. कोयना दक्षिणेला हेळवाकपर्यंत सरळ जाते, तिथे एकदम पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर थोरल्या बहिणीला भेटते. श्रद्धा आणि पाणलोट यांच्यात त्यांनी भांडण लावलं नाही. मला आजही ते फार मोठं वाटतं. हल्ली दोन्ही बाजूंचे लोक किती कर्कश बोलतात ते आपण बघतोच.

कृष्णाबाईकडे जाताना त्यांनी वाटेवरचे दोन दगड उचलले. एक तांबडा, भोकाभोकांचा जांभा, दुसरा काळा कठीण पाषाण. तांब्यातलं पाणी आधी काळ्यावर ओतलं. ओघळून गेलं. मग जांभ्यावर. ते आत मुरलं आणि थोड्या वेळाने खालच्या अंगाला थेंब दिसायला लागले. महाबळेश्वरच्या डोक्यावर अशी जांभ्याची टोपी आहे. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो ही टोपी पिते, खाली चिकण थर आणि काळा पाषाण लागला की पाण्याला खोल जाता येत नाही, ते आडवं सरकत डोंगराच्या कडेला येऊन फुटतं. तोच झरा. एप्रिल-मेमध्ये पाऊस नसताना गोमुख का वाहतं, याचं उत्तर आमच्या डोळ्यांसमोर त्या ओल्या दगडात होतं.

आणि आता बादली.

कृष्णाबाईचं देऊळ काळ्या दगडाचं, शेवाळलेलं, समोर कृष्णेचं खोरं थेट खाली उतरत गेलेलं. गर्दी नव्हतीच. गोमुखातून पाणी कुंडात पडत होतं. सरांनी बादली काढली, आतून खडूने खूण केलेली, मनगटातलं घड्याळ एका मुलाच्या हातात दिलं आणि म्हणाले, "कृष्णा मोजायची." एकाने बादली धरायची, एकाने 'लागली' म्हणून ओरडायचं, घड्याळवाल्याने सेकंद सांगायचे. तेवढ्यात गावातली एक आजी पूजेच्या पाण्यासाठी कळशी घेऊन आली. सर बाजूला झाले, "आधी आजींना." तिची कळशी भरताना त्यांनी हळूच घड्याळवाल्याला खूण केली. मग शिपाईकाकांच्या तांब्याने कळशीत किती मावतं ते आजीलाच विचारून घेतलं. हिशेब केला, तर आजीची कृष्णा आमच्या कृष्णेपेक्षा मोठी निघाली! आमचा बादलीवाला पाण्याच्या धारेला भिऊन बादली तिरकी धरत होता आणि निम्मं पाणी काठावरून कुंडात जात होतं. आजीने कळशीचं तोंड बरोबर धारेखाली लावलेलं. ती पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "मास्तर, पोरास्नी आधी पानी भराया शिकवा." सर इतके खूश झाले की त्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घ्यायला लावलं. मग पुन्हा मोजणी, पुन्हा, आणि तिन्ही आकडे जवळजवळ आल्याशिवाय पुरीभाजीचा डबा उघडला नाही.

सरांच्या शिस्तीबद्दल, मारण्याबद्दल लोक काहीबाही बोलतात. बोलोत. कुठल्या मास्तरने कुठल्या पोराला नदी मोजायला लावली, ते मला दाखवा.

माझं आज साताऱ्यात पंप आणि मोटारींचं दुकान आहे, दुसरी शाखा कोरेगावला. मुलगा इंजिनिअर होऊन धंद्यातच आला. माण-खटावकडचं गिऱ्हाईक मोठं. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला सहा हजार मिलिमीटर आणि माणला पाचशेच्या आसपास, हेही सरांनीच फळ्यावर दोन रेघा काढून दाखवलं होतं. गिऱ्हाईक येतं, म्हणतं, "पाच एचपीची मोटर द्या." मी विचारतो, विहिरीला पाणी किती? "भरपूर." भरपूर म्हणजे तासाला किती? मग मी सांगतो, दोनशे लिटरचा ड्रम घ्या, मोबाइलवर वेळ लावा. शंभर सेकंदांत भरला तर सेकंदाला दोन लिटर, तासाला ७,२०० लिटर. मोटर चालू असताना पातळी किती उतरते, बंद केल्यावर पुन्हा चढायला किती वेळ लागतो, तेही बघा. मग या. निम्म्या लोकांना तीन एचपी पुरते. माझी विक्री कमी होते, पण तेच लोक पुढच्या वर्षी भावाला घेऊन येतात. दुकानाच्या उद्घाटनाला सर आले होते. नारळ फुटला, फोटो झाले, सगळे पेढ्यांकडे वळले. सरांनी विचारलं, "पंप तपासायची टाकी कुठं आहे?" टाकी बघितली, हात घालून खोली बघितली, मगच पेढा घेतला. सर आता नाहीत. त्यांचा तो हात पुसायचा चौकड्यांचा रुमाल मला दिसतो.

गेल्या वर्षी नातवाला घेऊन तीच फेरी केली. पंचगंगेला रांग, बाहेर स्ट्रॉबेरी, मक्याची कणसं, सगळं ठीक. पण ज्या गावात डोंगर बारा महिने पाणी देतो, तिथे प्रत्येकाच्या हातात वीस रुपयांची प्लास्टिकची बाटली बघून माझं डोकं फिरलं. मी कुणाला बोललो नाही, बायकोने आधीच डोळे वटारले होते. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे, तरी माथ्यावर बांधकामं दिसतात. जांभ्यावर फरशी आणि डांबर घातलं की पाऊस मुरायचा कुठून? ओतलेला तांब्या ओघळून जाणार, एवढंच. सरांनी हे दोन दगडांत सांगितलं असतं.

हल्ली शाळांच्या सहली वॉटर पार्कला जातात असं ऐकतो. आपल्या शाळेच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे, हीरकमहोत्सवी वर्षात आठवीची ही सहल पुन्हा सुरू करा. दिवाळीनंतर जा, तेव्हा झरे भरलेले असतात आणि वाट निसरडी नसते. एसटीच्या दोन गाड्यांचं भाडं मी देतो. मेढ्यामार्गेच न्या, आधी माहुली दाखवा. बादली आणि खूण करायचा खडू माझ्याकडून. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना बरोबर यायचं असेल त्यांनी शाळेच्या कार्यालयात नाव नोंदवावं, डबा आपापला आणावा आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ असेल तर तेही घ्यावं.