दुसरी छत्री आणि ‘संदिग्ध’ हा शेरा

‘संदिग्ध.’ एवढंच. पुढे ना कारण, ना खूण, ना कुठल्या सेकंदाला काय चुकलं याचा पत्ता. हा एका शब्दाचा शेरा मला तीनदा मिळाला आणि प्रत्येक वेळी त्यासाठी तीन आठवडे थांबावं लागलं. काम पार पडून बरेच दिवस झालेत, तरी तो शब्द वाचला की आजही राग येतो.

चित्रपटाच्या अभ्यासक्रमातलं हे शेवटचं काम. कधीच न बनणाऱ्या एका थरारपटाची पहिली दोन मिनिटं करून द्यायची, श्रेयनामावली त्यातच धरून. लिखाण एका संध्याकाळी झालं, चित्रीकरण दीड दिवसात उरकलं. अडले ते एडिटिंगला.

कल्पना साधी होती. पावसाची रात्र. एकटी राहणारी बाई घरी येते, कुलूप उघडते, ओली छत्री कोपऱ्यात टेकवते. त्या कोपऱ्यात आधीच एक ओली छत्री आहे.

माझ्या पहिल्या कटमध्ये, म्हणजे जोडून तयार केलेल्या पहिल्या आवृत्तीत, या दोन मिनिटांत ४७ शॉट होते. किल्लीचा क्लोज-अप, बोटांचा क्लोज-अप, बुटावरून ओघळणारं पाणी, अर्धा चेहरा, अंधार, पुन्हा किल्ली. छत्री जेमतेम अर्धा सेकंद, तीही धूसर. खाली सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक घुमणारा खर्जातला आवाज. गूढ म्हणजे लपवणं, अशी माझी समजूत होती. जितकं कमी दिसेल तितकी उत्कंठा जास्त.

शेरा आला: संदिग्ध. मी आणखी लपवलं. अंधार वाढवला, शॉट आणखी तोडले. पुन्हा संदिग्ध. तिसऱ्यांदा संगीत बदललं. पुन्हा तेच.

कामासोबत एक फॉर्म भरावा लागायचा. त्यात एक रकाना होता: ‘प्रेक्षकासमोरचा प्रश्न, एका वाक्यात’. तिन्ही वेळा मी तिथे लिहिलं, ‘आता पुढे काय होणार?’ हा प्रश्न कुठल्याही चित्रपटाला लागू पडतो, म्हणजे माझ्या चित्रपटाचा तो नव्हताच. परीक्षकाने त्या रकान्याखाली नुसती रेघ ओढली असती तरी माझे कितीतरी आठवडे वाचले असते. तपासणाऱ्याला चूक दिसत होती, म्हणूनच तर काम परत येत होतं. मग ती सांगायला काय हरकत होती?

शेवटी मी तो कट एका मैत्रिणीला दाखवला. आधी काहीही सांगितलं नाही. पाहून झाल्यावर दोनच गोष्टी विचारल्या: काय घडलं, आणि भीती कशाची वाटली? ती म्हणाली, “ती घरी आली आणि छत्री ठेवली. पण छत्री दोनदा का दाखवलीस?”

तिला एकच छत्री दिसली होती! दुसरी छत्री आहे हेच कळलं नाही, तर ती कुणाची हा प्रश्न पडणार कुठून? तो चित्रपट पाहताना तिला कोडं पडलंच नव्हतं, ती नुसती गोंधळली होती. (कट पहिल्यांदा दाखवाल तेव्हा शेजारी बसून खुलासे करू नका. चित्रपटगृहात तुम्ही शेजारी नसणार.)

त्या रात्री मी थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याचं ते प्रसिद्ध उदाहरण पुन्हा वाचलं. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत त्याने सांगितलेलं. दोन माणसं टेबलाशी गप्पा मारताहेत आणि खाली बॉम्ब आहे. प्रेक्षकाला तो ठाऊक नसेल तर स्फोटाचा धक्का १५ सेकंदांचा. आधीच ठाऊक असेल तर त्याच कंटाळवाण्या गप्पांमध्ये १५ मिनिटांची उत्कंठा. हे उदाहरण मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. पण उत्कंठेसाठी प्रेक्षकाला माहिती द्यावी लागते, हे एडिटिंग करताना माझ्या स्वतःच्या टायमलाइनवर, शॉट ओळीने मांडलेल्या त्या पट्टीवर, मला दिसत नव्हतं.

मग आधी छत्र्या बदलल्या. तिची पिवळी, दुसरी काळी. ती एकटी राहते हेही दाखवायला हवं होतं, कारण घरात चार माणसं असतील तर दुसऱ्या छत्रीत नवल काय? म्हणून चपलांच्या मांडणीवर तिचेच दोन जोड, बाकीचे कप्पे रिकामे. दारावर एकच नाव. आत शिरताना ती कुणाला हाक मारत नाही, एकेक दिवा स्वतः लावत जाते. यासाठी अर्धा दिवस पुन्हा चित्रीकरण करावं लागलं, पण त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही.

खरा बदल मात्र क्रमाचा होता. जुन्या कटमध्ये ती छत्री बाईला आणि प्रेक्षकाला एकदमच दिसायची. आता सुरुवातच रिकाम्या घराने केली. कॅमेरा स्थिर. अंधार आहे, पण खिडकीतून येणारा उजेड काळ्या छत्रीवर पडेल असा ठेवला. (अंधारातही जे दिसायला हवं त्यावर प्रकाश हवाच, नुसता काळा पडदा कुणालाच घाबरवत नाही.) छत्रीच्या टोकातून थेंब पडतोय. शॉट पूर्ण सहा सेकंद, म्हणजे सेकंदाला २४ या हिशेबाने १४४ फ्रेम. आणि मग बाहेरून कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज.

बस्स! त्यानंतर ती काहीही करो, प्रेक्षकाची नजर त्या कोपऱ्याकडेच. ती केस पुसते, गुणगुणते, पिवळी छत्री काळीशेजारी टेकवते आणि न बघताच आत जाते. जे प्रसंग मी ‘काही घडत नाही’ म्हणून कापले होते, तेच आता सगळ्यात जास्त ताणलेले वाटू लागले. पहिल्या कटमधल्या ४७ शॉटच्या जागी आता १४ उरले.

श्रेयनामावलीचं राहिलंच. आधी मी नावं थेट चित्रावर टाकली होती, नेमकी छत्री दिसते तिथेच. ‘टच ऑफ इव्हिल’ (१९५८) या चित्रपटाची सुरुवात आठवली. गाडीत टाइमबॉम्ब ठेवला जातो आणि तीन मिनिटांहून मोठ्या एका सलग शॉटमध्ये आपण ती गाडी स्फोटाकडे सरकताना पाहत राहतो. स्टुडिओने त्यावर नावं आणि संगीत चढवलं होतं. त्याचा दिग्दर्शक ऑर्सन वेल्स याच्या ५८ पानी टिपणाच्या आधारे १९९८ साली चित्रपट पुन्हा संकलित झाला, तेव्हा नावं तिथून काढली आणि संगीताच्या जागी रस्त्यावरचे, बारमधून आणि गाड्यांच्या रेडिओतून येणारे आवाज आले. मीही नावं शेवटच्या काळ्या पडद्यावर नेली आणि तो घुमणारा आवाज पूर्ण काढून टाकला. सुरुवातीपासून भीतीचा आवाज लावला की कान त्याला सरावतात.

त्याऐवजी ठेवला तो थेंब. दर तीन सेकंदांनी एक. ती आतल्या खोलीत जाते, पडदा काळा होतो, नावं येऊ लागतात, थेंब सुरूच. तिसऱ्या नावाला थेंब थांबतो. छत्री कुणीतरी उचलली.

ही जागा मला पहाटे सुचली आणि मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. अख्ख्या कामात मला सर्वांत जास्त अभिमान याच क्षणाचा आहे.

चौथ्यांदा पाठवताना त्या रकान्यात लिहिलं, ‘काळी छत्री कुणाची, आणि तो माणूस आत्ता घरात कुठे आहे?’ तीन आठवड्यांनी उत्तर आलं: ‘मंजूर’. याही वेळी एकच शब्द.

तुम्ही असं काही करणार असाल तर एक गोष्ट चित्रीकरणाच्या दिवशीच करून ठेवा. सगळ्यांना गप्प उभं करून त्या खोलीची शांतता एक मिनिट रेकॉर्ड करा. मी ती केली नव्हती, त्यासाठी त्या घरी पुन्हा जावं लागलं. थेंब थांबल्यावर मागे त्या खोलीची शांतता हवी. नुसती कोरी ध्वनिपट्टी ठेवली, तर बघणाऱ्याला वाटतं, स्पीकरच बंद पडला.