परीक्षा सोपी झाली का?

"मॅडम, डीआरसीओजी आता सोपी झाली म्हणे. मग द्यायची का?" मिरज-पुण्याहून येऊन इथे इंग्लंडात जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टरचं ट्रेनिंग करणारी मंडळी मला हे सारखं विचारतात. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच लिहून टाकते.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनेकॉलॉजिस्ट्सची ही पदविका. स्त्रीरोगतज्ज्ञांसाठी नव्हे, फॅमिली डॉक्टरांसाठी. सक्तीची नाही, जीपी व्हायला सक्ती एमआरसीजीपी या दुसऱ्या परीक्षेची.

मी २००४ साली दिली तेव्हा लेखी पेपराबरोबर 'ऑस्की' ही तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षा असायची. घंटा वाजली की उठायचं, पुढच्या टेबलावर जायचं. एका टेबलापाशी एक नटी १७ वर्षांची मुलगी होऊन बसली होती. गर्भनिरोधक गोळी घ्यायची विसरलेली. मी तिला हार्मोन्सचं सगळं शास्त्र ऐकवलं आणि शेवटचा संबंध कधी आला, हे विचारायचंच राहिलं. आठवलं ते घंटा वाजल्यावर. आजही कुणी गोळी विसरले म्हटलं की माझ्या तोंडून आधी तोच प्रश्न निघतो.

पुढे ऑस्की बंद झाली. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. पण म्हणून परीक्षा सोपी झाली, हे काही खरं नाही.

आमच्या वेळी खरं-खोटंचे ढीगभर प्रश्न. 'पाळी जाताना एफएसएच (हे एक हार्मोन) वाढतं.' खरं. मिळाला गुण. आता भर आहे तो पाचांतलं सर्वांत योग्य उत्तर निवडण्यावर. बाई ४७ वर्षांची, पाळी मागेपुढे, रात्री घामाने उशी भिजते. पुढे काय कराल? एफएसएच, थायरॉइड, सोनोग्राफी, की तपासणी न करता सरळ उपचारांचं बोलाल? उपचारांचे नियम घालून देणाऱ्या 'नाइस' या इथल्या सरकारी संस्थेच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे पंचेचाळिशीपुढे अशी ठरावीक लक्षणं असतील तर एफएसएच करायचं नाही. त्या काळात ते फार वरखाली होतं. म्हणजे पाठ केलेलं वाक्य खरंच, पण त्यावरून निवडलेलं उत्तर चूक.

मध्यंतरी अगदी अशाच एक काकू आल्या. "अंगातून वाफा निघतात गं. रक्त तपास ना सगळं." अपॉइंटमेंट १० मिनिटांची, त्यातली सात तपासणी का नको हे सांगण्यात गेली. सरकार पैसे वाचवतंय, हा संशय काकूंच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होता. बरोबर पर्याय मला पहिल्या मिनिटाला ठाऊक होता. तो त्यांच्या गळी उतरवणं पेपरात येत नाही, आणि ऑस्की हवी होती ती यासाठी.

बाकी बाळंतपणं जीपीच्या हातून केव्हाच गेली. सरळसाधं गरोदरपण मिडवाइफ बघतात. आमच्याकडे उरलं ते पाळी, गर्भनिरोधन, स्मिअर (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीची तपासणी). त्यातही उत्तरं बदलत राहतात. २०१९ च्या अखेरीपर्यंत इंग्लंडभर स्मिअरमध्ये पेशी बघण्याआधी एचपीव्ही हा विषाणू शोधायला सुरुवात झाली, आणि माझ्या त्या विषयाच्या वह्या रद्दीत गेल्या.

तेव्हा, हॉस्पिटलातली गायनॅकची पोस्ट चालू असेल तर जरूर द्या. रात्रपाळीला पाहिलेली बाई प्रश्नात लगेच ओळखू येते. पोस्ट संपून दोन वर्षं झाली असतील तर मात्र फीचे पैसे कॉपर-टी बसवायच्या प्रशिक्षणाला लावा. ते वेगळं करावं लागतं, आणि बायका त्याचीच चौकशी जास्त करतात.