नवं पण जुनं

परवा दुपारी भाचीबरोबर जिगसॉ लावत बसलो होतो, पाचशे तुकडे आणि त्यातले निम्मे नुसते लाल. चित्र अमेरिकेतल्या रॉकपोर्ट बंदरातल्या त्या लाल लाकडी खोपटाचं, कोळ्यांनी जाळी-सामान ठेवायचं, भिंतीवर रंगीबेरंगी बोये, म्हणजे पाण्यावर खुणेसाठी तरंगत ठेवतात ते ठोकळे, लटकवलेले. 'मोटिफ नंबर वन' म्हणतात त्याला, मोटिफ म्हणजे चित्राचा विषय. लेस्टर हॉर्नबी म्हणून चित्रकार तिथे शिकवायचे, जो तो विद्यार्थी तेच खोपट काढून आणणार, शेवटी वैतागून त्यांनीच हे नाव पाडलं म्हणे.

मला आमचे चित्रकलेचे सर आठवले. विषय सहलीचा असो की पावसाळ्याचा, माझे आपले दोन डोंगर, मधे सूर्य, खाली झोपडी, झोपडीला फुलीची खिडकी आणि बंद दार. "परत झोपडी?" म्हणत सर वही अशी सरकवायचे की ती थेट बाकाखाली. आत कोण राहतं हे मात्र ना त्यांनी कधी विचारलं ना मला सुचलं.

तर ते खोपट. मूळचं 1840 च्या सुमाराचं. 1945 मध्ये गावाने विकत घेतलं आणि असं जपलं की आसपास वर विजेच्या तारा नाहीत, जाहिराती नाहीत, आणि भिंतींना लाल रंगही असा हुडकून काढला जो लावल्या लावल्याच उन्हावाऱ्याने विटल्यासारखा दिसावा. हे मला भयंकर आवडलं, कारण घराला नवा ऑइलपेंट दिला की आठवडाभर मी स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा वावरतो. पण 1978 च्या हिमवादळात ते सगळंच गेलं. त्याच वर्षी गावाने हुबेहूब तसंच परत उभं केलं. म्हणजे लोक आज ज्याला जुनं जुनं म्हणून रंगवतात ते माझ्याहून लहान आहे!

जिगसॉत शेवटी एक तुकडा कमी निघाला, नेमका दाराचा. भाचीचं तोंड बघवेना, मग खोक्याचा पुठ्ठा कापला, लाल खडू, वरून जरासा तपकिरी, अंगठ्याने घासघास घासला. बसला एकदाचा, एका कोपऱ्यात थोडा फुगलाय.

काल खरा तुकडा सोफ्याच्या फटीत सापडला. भाचीला दाखवला तर म्हणाली, "असू दे रे मामा, तिथे आता तो बसलाय ना."

खरा खोक्यात टाकून ठेवलाय.