चुना लावलेलं जायफळ

कोजागिरीच्या संध्याकाळी दूध आटवायला ठेवलं आणि लक्षात आलं, की जायफळ संपलंय. म्हणजे बाटलीत होतं, पण नखाएवढं. किसणीवर धरलं असतं तर दुधात जायफळाच्या आधी बोट उतरलं असतं. आमच्याकडे एक जायफळ किती वर्षं पुरतं, हे कुणी मोजलेलं नाही. दिवाळीच्या आसपास श्रीखंड, होळीला पुरण, पाहुण्यांसाठी कधीतरी जायफळाची कॉफी. प्रत्येक वेळी चिमूटभर किस, की पुन्हा बाटलीत. हे संपलेलं जायफळ कधी आणलं होतं, तेही कुणाला आठवेना.

खाली वाण्याकडून दोन आणली. घरी येऊन पुडी सोडली, तर जायफळाच्या सुरकुत्यांमध्ये पांढरी भुकटी. बुरशी! तशीच परत घेऊन गेले. वाणी हसला. म्हणाला, "ताई, बुरशी नाही ती. चुना आहे. कीड लागू नये म्हणून लावतात."

गिऱ्हाइकाला चुना लावणारे वाणी ऐकून होते. तोंडावर सांगणारा पहिलाच भेटला.

पुसून, किसून दुधात घातलं आणि दूध प्यायलो, तेवढ्यात चंद्रही वर आला. चुना मात्र डोक्यातून गेला नाही, कारण ह्या चुन्याचं घराणं मोठं आहे. जायफळाला चुना लावण्याची रीत डच कंपनीने गाजवली, आणि तिला कीड अडवायची नव्हती. तिला सगळं जग अडवायचं होतं.

बांदा म्हटलं की आपल्याला सावंतवाडी ओलांडून गोव्याच्या वेशीवर लागणारं गाव आठवतं. हे बांदा ते नव्हे. हा इंडोनेशियाच्या पूर्वेकडचा, मालुकू भागातला दहा-अकरा बेटांचा पुंजका. त्यातलं एक बेट म्हणजे अख्खा ज्वालामुखीच. अठरावं शतक उतरणीला लागेपर्यंत जगाच्या बाजारातलं जवळजवळ सगळं जायफळ ह्या एवढ्याशा ठिपक्यांवरून यायचं. फळ पिवळसर, जर्दाळूसारखं. पिकलं की उकलतं. आत काळसर चकचकीत बी आणि तिला लपेटलेली लालभडक जाळी. ती जाळी म्हणजे जायपत्री, आणि बीच्या कवचातला गर म्हणजे आपलं जायफळ.

आपल्याकडे ते फार आधी आलं. जायफळ हा शब्दच संस्कृत 'जातीफल'मधून आलेला. मलय, जावा, गुजरात असे हात बदलत ते आपल्या सहाणेपर्यंत पोचलं होतं. आजी बाळघुटी उगाळताना जायफळाचे वळसे मोजायची. "दोनच हं. तिसरा दिलास तर पोर उद्या दुपारी उठेल." ही धास्ती खोटी नव्हती. जायफळ जास्त झालं की माणसाला गुंगी येते, मळमळतं, भलतंसलतं दिसायलाही लागतं. युरोपातल्या लोकांना मात्र ते प्लेगवरचं औषध वाटत होतं. सुगंधी गोळ्यांत घालून ते गळ्यात बांधून फिरायचे. जिवाची भीती आणि जिभेची हौस एकाच बीमध्ये आली, की तिची किंमत कुठवर जाईल ते सांगायला नको.

आफोन्सो द अल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतलं, १५११ मध्ये मलाक्का घेतलं, आणि तिथून निघालेली पोर्तुगीज जहाजं १५१२ मध्ये बांद्याला लागली. म्हणजे गोवा, मलाक्का, जायफळ ही तीन वर्षांतली तीन पावलं. पुढे गोव्यात स्थायिक झालेल्या गार्सिया द ऑर्ता नावाच्या वैद्याने १५६३ साली तिथेच औषधी द्रव्यांवरचा आपला ग्रंथ छापला. तो सगळा दोन वैद्यांच्या गप्पांच्या रूपात आहे, आणि त्यात जायफळ-जायपत्रीवरही एक अख्खी गप्पा आहे. ह्या ऑर्ताकडे पोर्तुगालच्या राजाकडून मिळालेलं एक बेट भाडेपट्ट्याने होतं. मुंबई. मुंबईत भाड्याचं घर शोधताना माझे जोडे झिजले, आणि ह्या गृहस्थाकडे मुंबईच भाड्याने होती!

मग १५९९ मध्ये डच आले. १६०२ मध्ये त्यांची कंपनी निघाली (वेंगुर्ल्यातली पडकी डच वखार ह्याच कंपनीची) आणि तिने बांद्याच्या म्होरक्यांकडून करार लिहून घेतले, की जायफळ विकायचं ते फक्त आम्हालाच. बांद्याच्या लोकांना तांदूळ लागायचा, कापड लागायचं, आणि ते आणणारे जुने व्यापारी अजून येत होते. लोक त्यांनाही विकत राहिले. त्यात इंग्रजांनी आय आणि रुन ह्या दोन बेटांवर पाय रोवले. रुन म्हणजे लांबीला तीनेक किलोमीटर, रुंदीला किलोमीटरही नाही. सकाळी फिरायला निघालेला माणूस न्याहारीच्या आत परत यावा. १६१६ च्या डिसेंबरात नॅथॅनिएल कोर्टहोप तिथे उतरला आणि मूठभर माणसांनिशी जवळजवळ चार वर्षं डचांना झुंजवत राहिला, शेवटी मारला गेला. तेवढ्यात इकडे इंग्रजांनी पहिल्या जेम्सला इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, फ्रान्स, 'पुलोवे आणि पुलोरून'चा राजा म्हणायला सुरुवात केली होती. पुलो म्हणजे मलयमध्ये बेट. त्या बिरुदावलीतलं फ्रान्सही त्याच्या ताब्यात नव्हतं, तेव्हा पुलोरूनला एकटं वाटलं नसेल.

इथपर्यंत हसता येतं. १६२१ मध्ये यान पीटरझून कून हा डच गव्हर्नर जनरल आरमार घेऊन आला. बांद्याच्या चव्वेचाळीस म्होरक्यांना बांबूच्या कुंपणात उभं करून भाडोत्री जपानी सैनिकांकडून त्यांची मुंडकी उडवली. बेटांवर सुमारे पंधरा हजार माणसं होती असा अंदाज आहे. मारली गेलेली, उपाशी मेलेली, पळालेली आणि गुलाम करून नेलेली वजा जाता हजारभर उरली. रिकाम्या जमिनीचे अडुसष्ट तुकडे पाडून कंपनीने ते डच मळेवाल्यांना दिले आणि राबायला बाहेरून गुलाम आणले. रुनवरची जायफळाची झाडं तर तोडूनच टाकली, म्हणजे इंग्रजांना परत यायला कारणच उरू नये. चिमटीत मावणाऱ्या किसासाठी हे झालं. पुरणात जायफळ घालताना हे आठवू नये असं मला वाटतं, आणि आठवतंच.

आता तो चुना. झाड दुसरीकडे रुजू नये म्हणून कंपनी जायफळं चुन्याच्या निवळीत बुडवून मगच जहाजावर चढवायची. आमच्या दापोलीकडच्या मामाला मी हे फोनवर सांगितलं, तर तो खो-खो हसला. नारळी-पोफळीच्या बागेत त्याने जायफळं लावलेली आहेत. म्हणाला, "अगं, बी ओली असतानाच मातीत घालावी लागते. सुकली की मेली. मेलेल्याला कसला चुना लावतेस?" म्हणजे एवढ्या हिशेबी कंपनीने मढ्यावर पहारा बसवला होता. आणि जिवंत बिया? त्या बांद्याची मोठाली कबुतरं गिळायची, वरची जायपत्री पचवायची आणि बी वाटेल तिथे टाकायची. कबुतराला कुठल्या कंपनीचा करार दाखवणार?

कंपनीच्या पदरी शहाणी माणसं नव्हती असं नाही. शेजारच्या अंबोन बेटावर गेओर्ग रुम्फियस नावाचा तिचा एक जर्मन नोकर झाडापाल्याची टिपणं करत बसला होता. १६७० मध्ये तो आंधळा झाला. १६७४ च्या भूकंपात बायको आणि मुलगी गेली. १६८७ च्या आगीत चित्रं जळाली. पुन्हा काढून घेतली, ग्रंथ हॉलंडला पाठवला, तर १६९२ मध्ये फ्रेंचांनी ते जहाजच बुडवलं. सुदैवाने गव्हर्नर जनरलने पाठवण्याआधी नक्कल करून ठेवली होती. ती नक्कल पोचली, तेव्हा कंपनीला वाटलं, हे छापलं तर आपली गुपितं फुटतील. रुम्फियस १७०२ मध्ये गेला. त्याचा ग्रंथ १७४१ पासून छापून निघायला लागला. ह्या माणसाची आठवण झाली की लॅपटॉप बंद पडल्याबद्दल कुरकुर करायची मला लाज वाटते. दहा मिनिटं तरी वाटते.

ह्या कथेतला सर्वांना ठाऊक असलेला तुकडा म्हणजे डचांनी जायफळाच्या बेटासाठी न्यूयॉर्कचं मॅनहटन देऊन टाकलं. व्हॉट्सॲपवर फिरायला तो उत्तम आहे. पण १६६७ च्या ब्रेडाच्या तहात असा बाजार मांडून सौदा झाला नव्हता. ठरलं ते एवढंच, की लढाईत ज्याच्या हाती जे लागलंय ते त्याने ठेवावं. रुन डचांकडे राहिलं, मॅनहटन इंग्रजांकडे. डचांनी सुरिनामही राखलं, कारण तिथे ऊस होता. शिवाय १६७३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क पुन्हा जिंकलं आणि पुढच्या वर्षी परत केलं. तह झाला तेव्हा शिवाजी महाराज आग्र्याहून निसटल्याला वर्षसुद्धा झालं नव्हतं. आणि रुनवर पाणी सोडणाऱ्या इंग्लंडच्या राजाने, दुसऱ्या चार्ल्सने, लग्नात पोर्तुगीजांकडून आंदण मिळालेली मुंबई, १६६८ मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली. आमच्या सोसायटीत ह्याहून जास्त पैसे पार्किंगचे होतात.

शेवटी मक्तेदारी फुटली ती एका फ्रेंच माणसाकडून. तोही एकहाती, म्हणजे शब्दशः. पिएर प्वाव्र धर्मप्रचारक व्हायला निघाला होता. १७४५ मध्ये इंग्रजांशी झालेल्या समुद्रातल्या चकमकीत त्याचा उजवा हात गेला. पुढे त्याने चोरून जायफळाची रोपं मॉरिशसला आणली. ती मेली, आणि सरकारी वनस्पतीतज्ज्ञाने ती मुद्दाम मारली असा त्याने आरोप केला. त्याने नाद सोडला नाही. फ्रेंच राजाने त्याला मॉरिशसचा कारभारी नेमलं, तेव्हा त्याने जहाजं धाडली, आणि १७७० मध्ये रोपं आणि ओल्या बिया पाम्प्लमूसच्या बागेत पोचल्या. पहिलं फळ धरलं १७७८ साली. ज्या मॉरिशसला पुढच्या शतकात आपली मराठी माणसं गेली, तेच हे. पुढे इंग्रजांनीही बांदा काही वर्षं ताब्यात घेऊन रोपं पिनांगला, श्रीलंकेला नेली. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडाच्या तर झेंड्यावरच आज जायफळ आहे.

पहिल्या फळाला आठ वर्षं हे मी मामाला कौतुकाने सांगितलं. तो म्हणाला, त्यात काय, त्यालाही आठच लागली. बीपासून लावलेलं रोप नर आहे की मादी, हे फुलल्याशिवाय कळत नाही, आणि फळ येतं ते फक्त मादीला. म्हणून शहाणे लोक कलम लावतात. मामाने हौसेनं बी लावली. आठ वर्षं शेणखत घातलं, उन्हाळ्यात पाणी घातलं, आणि फुललं तेव्हा निघाला नर.

"मग तोडलास?"

"छे! मिरीचा वेल चढवलाय त्याच्यावर. काय जोरात आहे म्हणतेस!"

फोन ठेवल्यावर आठवलं, प्वाव्र म्हणजे फ्रेंचमध्ये मिरीच.