आधी भुवया झाकाव्या लागतात

लग्नसराईत आमच्या सिडकोतील पार्लरमध्ये येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नवरीची मागणी एकच असते, ती म्हणजे मेकअप केल्याचे कळू नये. छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्रा भागातील एका कंपनीत अभियंता असलेली ही मुलगी मात्र मे महिन्यातल्या एका दुपारी ‘लांबूनसुद्धा कळला पाहिजे’ असे सांगत खुर्चीत बसली. रात्री एका हॉटेलात डीजे पार्टी होती आणि तिला ड्रॅग पद्धतीचा चेहरा हवा होता. मुंबईच्या किटी सू या क्लबात तिने ड्रॅगचा कार्यक्रम पाहिला होता.

ड्रॅग म्हणजे, बहुतेक वेळा, पुरुष कलावंतांनी स्त्रीरूप मुद्दाम अतिरंजित करून मंचावर आणण्याची कला. लंडनमध्ये १९८५ साली कलावंत ली बॉवरी यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या टॅबू या क्लबात रंगवलेल्या चेहऱ्याला कपड्यांइतकेच महत्त्व होते, आणि २००९ पासून ‘रूपॉल्स ड्रॅग रेस’ या दूरचित्रवाणी स्पर्धेमुळे ही तंत्रे घरोघरच्या आरशांपर्यंत पोचली. त्यांतील प्रत्येक तंत्रामागे एक अडचण आहे. दाढीची निळसर झाक दाबण्यासाठी नारिंगी करेक्टर लावतात, रुंद जबडा निमुळता दिसावा म्हणून गडद काँटूर, म्हणजे रंगाने सावली, करतात आणि दाट भुवया गोंदाने बसवून त्यांच्यावर नव्या कमानी काढतात. समोरच्या मुलीला यांपैकी एकही अडचण नव्हती. मग भुवया झाकायच्या कशाला, असे मी तिला विचारले.

‘ताई, कंपनीत माझ्या टिकलीपासून लिपस्टिकपर्यंत सगळ्यांना मत असतं. आज कोणाला मत द्यायला जागाच ठेवू नका,’ ती म्हणाली. मला कारण पटले. करेक्टर तेवढा वगळला.

भुवयांनी मात्र आमची परीक्षा पाहिली. केसांवरचा तेलकटपणा पुसून, ते वर विंचरून, शाळेच्या दप्तरात असते त्या ग्लू स्टिकचे पातळ थर एकावर एक द्यायचे असतात, आणि आधीचा थर पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा देता येत नाही. बाहेर ऊन रणरणत असताना पहिला थर वाळेचना, कारण आमचा कूलर खोलीत ओलसर हवा सोडत होता. कूलर बंद केला तर कपाळावर घाम येई आणि पाण्यात विरघळणारा तो गोंद पुन्हा मऊ पडे. शेवटी कूलर दाराबाहेर तोंड करून ठेवला आणि ड्रायरच्या थंड झोताने थर वाळवले. त्यावर पावडर दाबली, त्वचेच्या रंगाचे कन्सीलर दिले, आणि कपाळाच्या खाली कोरी जागा तयार झाली. भुवयांशिवायचा चेहरा पाहून तिलाच हसू आवरेना.

नातीच्या हळदीच्या मेकअपसाठी आलेल्या एक आजी बाकावरून हे सारे पाहत होत्या. ‘काय करायलीस गं पोरीच्या तोंडाला?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा मी जमेल तसे समजावले. त्या म्हणाल्या, ‘असले चेहरे मी पैठणच्या षष्ठीला पाहिलेत. भारुडात बाप्ये असेच रंगून बाई व्हायचे. ही तर बाईच हाय, हिला काय अवघड?’ बालगंधर्वांच्या पेहरावाची नक्कल एके काळी घरंदाज बायकाही करीत असत, हे मला तेव्हा आठवले. पुरुषाने रंगवलेल्या बाईकडून बाईने काही उचलावे, यात नवे काय आहे?

डोळ्याच्या खोबणीच्या बऱ्याच वर कट क्रीजची, म्हणजे पापणीवरचे रंग वेगळे करणारी, धारदार रेघ, नकली पापण्यांच्या दोन जोड्या आणि ओठांच्या कडेबाहेर काढलेले ओठ, असा चेहरा पूर्ण झाला. ट्यूबलाइटखाली तो भडकच वाटत होता, पण दिवे मालवून मोबाइलचा प्रकाश टाकला तेव्हा डोळे खोलीच्या दुसऱ्या टोकावरून स्पष्ट दिसले. क्लबच्या अंधारात नवरीचा नाजूक मेकअप दिसलाच नसता.

दरपत्रकात या कामाला रकाना नव्हता, म्हणून साखरपुड्याचा दर लावला. स्कार्फ गुंडाळून स्कूटीवर जाणे शक्य नव्हते, तेव्हा रिक्षा बोलावली. रिक्षा येईपर्यंत तिला बजावले की गोंद आधी कोमट पाण्याने भिजवून सोडवायचा, ओढायचा नाही, नाहीतर सोमवारी कंपनीत खरोखरच भुवयांवाचून जावे लागेल.