तुम्ही विचारलंत म्हणून: ८०८५ अजून का शिकवता?

लग्नात भेटलेले, जुन्या बॅचचे, माझा स्वतःचा भाचासुद्धा हेच विचारतो: इंटेलची १९७६ची ८०८५ ही मायक्रोप्रोसेसर चिप अजून मुलांच्या माथी का मारता? सिलॅबस मी ठरवत नाही, असं मी सांगत आले. ते खरं आहे, पण ती पळवाट आहे.

पंधरा वर्षांपूर्वीची प्रॅक्टिकल परीक्षा. डिप्लोमाची एक मुलगी किटपुढे, म्हणजे ८०८५ बसवलेल्या सरावाच्या बोर्डापुढे बसली होती. प्रोग्रॅमला मेमरीतल्या २०५० या पत्त्यावर उडी मारायला लावायचं होतं. तिने सी३ (उडी मारण्याच्या सूचनेचा कोड), २०, ५० असं भरलं. रन केलं, डिस्प्ले कोरा. रिसेट, परत तेच. मी म्हटलं, "आधी ५०, मग २०. खालचा बाइट आधी." ती म्हणाली, "मॅडम, पण वाचतो तर २०५०. मग भरायचं उलटं का?" एक्स्टर्नल सर शेजारीच उभे होते. "तसंच असतं. पाठ करून यायचं होतं," असं म्हणून मी मार्क कापले. त्यानंतर त्या मुलीने वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. उत्तर मला माहीत नव्हतं, एवढंच होतं ते.

उत्तर सापडलं ते टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला. तिथल्या कॉम्प्युटर टर्मिनल कॉर्पोरेशनने १९७०मध्ये डेटापॉइंट २२०० हे टेबलावरचं कॉम्प्युटर टर्मिनल जाहीर केलं. त्याची मेमरी शिफ्ट रजिस्टरची, त्यातून बिट एकामागून एक बाहेर येणार. बेरजेत हातचा खालून वर जातो, म्हणून खालचा भाग आधी हवा. इंटेलने त्याच सूचनांची चिप करून दिली, पण ती उशिरा आली आणि त्या कंपनीने वापरलीच नाही. १९७२मध्ये तीच ८००८ म्हणून बाजारात आली. मग ८०८०, ८०८५, ८०८६. तुमच्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा प्रोसेसर असेल, तर तोही खालचा बाइट आधी ठेवतो.

एककापासून बेरीज करतो ना, तसं, एवढंच तिला सांगायचं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम.

हे एआरएम, म्हणजे हल्लीच्या मोबाइलमधले प्रोसेसर, शिकवतानाही सांगता येईल, म्हणाल. येईल. सिलॅबस बदला या अर्जावर माझीही सही आहे, ती मी मागे घेत नाही. पण किटवर एकेक बाइट बोटाने भरावा लागतो, तिथे हा प्रश्न पडतो. प्रोग्रॅमचे बाइट स्वतःच तयार करून देणाऱ्या कंपायलरपुढे तो पडलेला मी अजून पाहिला नाही.

हल्ली पहिल्याच प्रॅक्टिकलला फळ्यावर सी३ ५० २० लिहिते आणि कुणी विचारेपर्यंत थांबते. काही बॅचमध्ये कुणीच विचारत नाही.