हळद, बीट आणि पाऊस : अँथोटाइपची पुढची नोंद

आता कागद काचेखालून बाहेर आले आहेत. अँथोटाइप म्हणजे कागदाला लावलेल्या वनस्पतींच्या रसावर उन्हाने चित्र उमटवणं, आणि त्याला काच, क्लिपा आणि कडक ऊन एवढ्यावर भागतं. मला मात्र पाऊस, दव आणि वारासुद्धा कागदावर उतरलेले हवे आहेत. त्यासाठी आधी एकच गोष्ट बघायची, असं माझं ठाम मत झालंय : रस पाण्यात विरघळणारा आहे की नाही. रंग कोणता येईल, तो विचार त्यानंतरचा.

हळदीपासून सुरुवात केली. तिच्यातलं पिवळं रंगद्रव्य, करक्युमिन, पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून पूड सर्जिकल स्पिरिटमध्ये कालवून, झाकून ठेवून मलमलच्या फडक्यातून गाळते. हे काम खिडकी उघडी ठेवून आणि आगीपासून लांब. जाड वॉटरकलर कागदावर दोन हात द्यायचे आणि अंधारात वाळवायचं. वर दाबून वाळवलेलं पान ठेवायचं. ताज्या पानातून ओल सुटते आणि कडा फुटतात. हळद फार पटकन उडते, चांगल्या उन्हात काही तासांतच पानाभोवतीचा पिवळा फिका पडलेला दिसतो. मग टाकणखाराच्या पातळ पाण्यात कागद बुडवला की पानाखाली राहिलेला पिवळा क्षणात विटकरी होतो आणि शिरांच्या मधली जागासुद्धा वाचता येते. जिथे पान अगदी पातळ होतं तिथे मंद नारिंगी, देठाखाली गडद तपकिरी. हे होताना बघण्यासारखा आनंद या छंदात दुसरा नाही.

असा कागद पावसात ठेवला तरी चित्र टिकतं. पूड थोडी सरकते, कागद फुगतो, पण रंग जागेवर राहतो. बीटचं अगदी उलट. त्यातली बीटालेन्स ही रंगद्रव्यं पाण्यात सहज विरघळतात, त्यामुळे पहिल्या थेंबापासून रंग चालू लागतो. थेंब वाळताना रंग कडेकडे ओढला जातो आणि मधे फिकट, कडेला गडद किरमिजी रेघ असं कडं तयार होतं. जोरदार सरीत सगळंच वाहून जातं. उपयोग आहे तो तुरळक थेंबांचा, आणि त्याहून जास्त दवाचा. रात्रभर आडव्या ठेवलेल्या कागदावर दवाने रंग हलकेच सरकतो, कुठेही तीक्ष्ण कड दिसत नाही. कागद तिरका असेल तर मात्र ओघळ येतात, आणि मला तेही आवडायला लागले आहेत.

जास्वंदीच्या बाबतीत कागदच जास्त बोलतो. बऱ्याच चित्रकलेच्या कागदांत आम्लापासून बचाव म्हणून कॅल्शियम कार्बोनेट (चुनखडी) घातलेलं असतं, त्यामुळे पाकळ्यांचा लालसर रस लावताच निळसर-करडा होतो. स्वच्छ पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, पीएच साधारण ५.६, पण कागदातल्या चुन्यापुढे तेवढ्याने रंग लालाकडे परतत नाही. लाल हवाच असेल तर रसात लिंबाचे थेंब घालायचे आणि चुना नसलेला कागद घ्यायचा.

ढगाळ दिवसांबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण अनेकजण अशा दिवशी काम थांबवतात. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये फुलांच्या रसांवरचे प्रयोग मांडले तेव्हा त्यांना दिसलं होतं की रंगाला बहुधा त्याच्या विरोधी रंगाचा प्रकाश उडवतो. पिवळ्या हळदीला निळा-जांभळा प्रकाश, किरमिजी बीटला हिरवा. म्हणजे नुसतं अतिनील प्रकाशावर अडत नाही, आणि ढगांतून आलेला दिवसाचा उजेडही हे काम करतो, फक्त सावकाश. स्कॉटिश शास्त्रज्ञ मेरी सॉमरव्हिल यांनीही वनस्पतींच्या रसांवर वर्णपटाचे प्रयोग करून १८४५ मध्ये रोमहून हर्शेलना पत्राने कळवले होते. त्यांच्या मागून तेच काम हाताने करताना मला खूप आपलेपणा वाटतो.

पालकाच्या भाजीच्या रसाला मात्र धीर हवा, आठवडे लागू शकतात. तो मी छपराखालीच ठेवते.

हे छापे पक्के करता येत नाहीत, उजेडात ते उडतच राहतात. म्हणून वाळला की लगेच स्कॅन आणि मग अंधारी फाइल. भिंतीवर लावायची ती स्कॅनची प्रत.

पुढचा प्रयोग दोन थरांचा : खाली हळद, ती पूर्ण वाळल्यावर वर बीट. ऊन दोन्हींना उडवेल, पाऊस मुख्यतः बीटला हलवेल. त्यामुळे आधी ऊन मग पाऊस आणि आधी पाऊस मग ऊन यांत स्पष्ट फरक दिसायला हवा. एकाच कागदाचे दोन तुकडे करून दोन्ही क्रम शेजारी शेजारी लावणार आहे, वर एकाच झाडाची पानं.